रविवारची रेडिओ-संध्याकाळ घरी कशी सादर करावी : १९३० च्या दशकातील अमेरिकी रीत

१९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात रविवारी संध्याकाळचे सात वाजले की अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील असंख्य घरांत जॅक बेनी यांचा विनोदी कार्यक्रम लागत असे. आठ वाजता त्याच घरांत एडगर बर्गन आणि त्यांचा लाकडी बाहुला चार्ली मॅकार्थी यांची जुगलबंदी रंगत असे. आदल्या रात्री, म्हणजे शनिवारी, शिकागो आणि नॅशव्हिल येथील केंद्रांवरून फिडल आणि बँजोचा खेडवळ बाज दूरदूर पोहोचलेला असे. या करमणुकीची जी ध्वनिमुद्रणे टिकली, ती आज थोड्या शोधाने ऐकायला मिळतात. परंतु ती ऐकणे आणि तशी संध्याकाळ स्वतः उभी करणे यांत, रेकॉर्डी जमवणे आणि पेटी पुढे ओढून गायला बसणे यांत असतो तेवढा फरक आहे. पुढील मार्गदर्शन या दुसऱ्या गोष्टीसाठी आहे. सहा ते दहा माणसे, दोन खोल्या, एक मायक्रोफोन आणि स्वयंपाकघरातील काही वस्तू एवढ्या भांडवलावर अर्ध्या तासाचा जिवंत रेडिओ-कार्यक्रम कसा बसवावा, ते येथे सांगितले आहे.

दोन अटी आधीच मान्य कराव्या लागतील. पहिली अट अशी की श्रोत्यांना कलावंत दिसता कामा नयेत. त्या काळी विनोदी कार्यक्रमांना स्टुडिओत प्रेक्षक असत हे खरे, पण ज्यांच्यासाठी सारा खटाटोप चालत असे तो श्रोता शेकडो मैल दूर, आपल्या दिवाणखान्यात बसलेला असे. दुसरी अट अशी की आधी काहीही ध्वनिमुद्रित करायचे नाही. एनबीसी आणि सीबीएस या दोन मोठ्या नेटवर्कांनी मुद्रित कार्यक्रम जवळजवळ वर्ज्यच मानले होते, त्यामुळे अनेक लोकप्रिय कार्यक्रमांतील कलावंत पूर्वेकडचा प्रयोग संपवून तीनेक तास थांबत आणि पश्चिम किनाऱ्यावरील श्रोत्यांसाठी तोच कार्यक्रम पहिल्या ओळीपासून पुन्हा करीत. ही प्रथा मोडू लागली ती १९४६-४७ मध्ये, बिंग क्रॉस्बी यांनी आपला कार्यक्रम आधी तबकड्यांवर आणि मग चुंबकीय फितीवर मुद्रित करण्याचा हट्ट धरल्यानंतर. तुकडे मुद्रित करून संगणकावर जोडण्याचा मोह आजच्या हौशी मंडळींना हमखास होतो. तो आवरावा, कारण चुकले तर पुन्हा करता येणार नाही या जाणिवेनेच कलावंतांच्या आवाजात जी धार येते, ती जोडकामात येत नाही.

शनिवार निवडावा की रविवार

त्या काळच्या शनिवार-रविवारचे दोन वेगवेगळे साचे आहेत आणि आपल्याकडे माणसे कोणती आहेत ते पाहून त्यांतील एक निवडावा.

शनिवारचा साचा गाण्याबजावण्याचा. शिकागोच्या डब्ल्यूएलएस केंद्राने सुरू झाल्यावर आठवडाभरातच, १९ एप्रिल १९२४ रोजी, ‘बार्न डान्स’ म्हणजे धान्याच्या कोठारात होणाऱ्या नाचगाण्याच्या बैठकीचा कार्यक्रम लावला. हे केंद्र सिअर्स रोबक या दुकानदार कंपनीचे होते आणि केंद्राच्या नावातील अक्षरेही ‘जगातील सर्वांत मोठे दुकान’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची होती. पुढे १९३२ पासून हा कार्यक्रम नाट्यगृहात तिकीट लावून होऊ लागला. नॅशव्हिलचे डब्ल्यूएसएम केंद्र एका विमा कंपनीचे. तेथे २८ नोव्हेंबर १९२५ रोजी, शनिवारीच, जॉर्ज हे नावाच्या निवेदकाने सत्त्याहत्तर वर्षांच्या अंकल जिमी थॉम्प्सन यांना मायक्रोफोनसमोर बसवले. पियानोच्या साथीला त्यांची पुतणी होती आणि म्हातारबुवांनी तासभर फिडल वाजवली. लोकांच्या फर्माइशी येऊ लागल्या आणि तेथे शनिवारची बैठक कायमची झाली. तिला आजचे नाव मिळाले ते १० डिसेंबर १९२७ रोजी. आधीच्या तासाला अभिजात संगीताचा भारदस्त कार्यक्रम झाला होता. तो संपताच जॉर्ज हे यांनी सांगितले की आतापर्यंत आपण ‘ग्रँड ऑपेरा’ ऐकत होता, आता ‘ग्रँड ओल ऑप्री’ ऐका. गावठी उच्चारातील ती कोटी चिकटली ती आजतागायत.

हे कार्यक्रम रात्रीचे असण्यामागे माणसे घरी असणे एवढेच कारण नव्हते. दिवसा आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा, खालचा थर मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो थर विरतो आणि लहरी वरच्या थरांवरून परावर्तित होऊन शेकडो मैल दूर उतरतात. नॅशव्हिलच्या केंद्राची शक्ती १९३२ मध्ये ५० किलोवॅट झाल्यावर तर रात्री तेथील फिडल अनेक राज्यांत ऐकू येऊ लागली. दुपारी शेजारच्या परगण्यापुरता असलेला कलावंत रात्री अर्ध्या देशाचा होत असे.

घरात गाणारे-वाजवणारे असतील तर शनिवारचा साचा घ्यावा, पण फिडल-बँजोची नक्कल करू नये. थॉम्प्सन आपल्या अंगणात जे वाजवत तेच मायक्रोफोनपुढे वाजवीत होते, आणि जॉर्ज हे यांचाही आग्रह मातीशी जवळीक राखण्याचा असे. म्हणून आपल्याकडे पेटी, ढोलकी, आजीच्या जात्यावरच्या ओव्या किंवा मामांची शीळ जे असेल तेच घ्यावे, प्रत्येकाला तीन मिनिटांहून अधिक वेळ देऊ नये आणि मध्ये गप्पिष्ट निवेदक ठेवावा. शनिवारविषयी सांगण्यासारखे एवढेच आहे, कारण त्याची गंमत वादकांच्या बोटांत असते आणि ती शिकवून येत नाही. रविवारचा साचा मात्र कोणालाही जमण्यासारखा आहे. त्यात विनोदी प्रवेश, छोटी श्रुतिका, एखादे गाणे आणि जाहिराती असतात, आणि त्यासाठी सुरेल गळ्यापेक्षा नीट ऐकणारा कान व घड्याळ लागते. यापुढील विवेचन त्याचेच आहे.

साडेएकोणतीस मिनिटे आणि एक पुरस्कर्ता

अर्ध्या तासाचा कार्यक्रम प्रत्यक्षात साडेएकोणतीस मिनिटांचा असे, कारण उरलेल्या अर्ध्या मिनिटात केंद्राला आपले नाव सांगायचे असे. आपणही साडेएकोणतीस मिनिटांचेच बंधन पाळावे. माझ्या अनुभवात मराठी संवाद स्वाभाविक गतीने बोलले तर मिनिटाला शंभर ते एकशे दहा शब्द होतात. शीर्षकसंगीत, एक गाणे, आवाजांसाठी लागणाऱ्या जागा आणि श्रोत्यांचे हसू यांना सात-आठ मिनिटे सोडली, तर संहिता सुमारे २,३०० शब्दांची हवी. पहिल्यांदा लिहिणारे सगळे याच्या दीडपट लिहितात.

पुरस्कर्त्याशिवाय ही संध्याकाळ अपुरी राहील. अमेरिकेत श्रोत्याला परवाना-शुल्क नव्हते, त्यामुळे कार्यक्रमाचा खर्च साबणवाले, कॉफीवाले आणि औषधवाले करीत. बर्गन यांचा कार्यक्रम चेस अँड सॅनबॉर्न कॉफीचा होता, शिकागोचा शनिवार नेटवर्कवर गेल्यावर अल्का-सेल्टझर या औषधाने उचलला, आणि जॅक बेनी तर काही वर्षे नमस्काराच्या जागी ‘जेल-ओ अगेन’ म्हणून आपल्या पुरस्कर्त्याच्या जेलीचे नाव घेत. त्यांच्या कार्यक्रमात जाहिरात मध्येच येऊन रसभंग करीत नसे. निवेदक डॉन विल्सन ती विनोदाच्या ओघातच कुठेतरी घुसवीत आणि इतर पात्रे त्यावरून त्यांची थट्टा करीत.

मुंबईचे गणित वेगळे होते. २३ जुलै १९२७ रोजी, तोही शनिवारच होता, इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र येथे सुरू झाले तेव्हा कंपनीची मुख्य भिस्त श्रोत्यांच्या वार्षिक दहा रुपये परवाना-शुल्कावर होती. श्रोते पुरेसे झाले नाहीत आणि १ मार्च १९३० रोजी कंपनीला गाशा गुंडाळावा लागला. इंग्लंडमध्ये शुल्क भरपूर जमत असे, पण तेथे जॉन रीथ यांच्या बीबीसीचा रविवार प्रार्थना, प्रवचने आणि गंभीर संगीताचा. करमणूक हवी असलेले श्रोते सरळ रेडिओ लक्झेंबर्ग आणि रेडिओ नॉर्मंडीकडे काटा फिरवीत, आणि समुद्रापलीकडून येणाऱ्या त्या हलक्याफुलक्या कार्यक्रमांत ओव्हल्टीन या पेयाचा मुलांसाठीचा रविवारचा कार्यक्रम फारच आवडता होता. रविवारी लोकांना काय ऐकावेसे वाटते हे समजायला याहून वेगळ्या पुराव्याची गरज नाही.

आपला पुरस्कर्ता खरी कंपनी नसावी. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचे मेतकूट, आत्याच्या हाताचे लिंबाचे लोणचे किंवा सोसायटीतल्या शिकवणीच्या सरांचा पाढ्यांचा वर्ग असे काही घ्यावे. सुरुवातीला एकदा, मध्ये एकदा आणि शेवटी एकदा त्याचे नाव यावे, आणि मधली जाहिरात प्रवेशातल्या संवादातूनच यावी. नायिका रुसून माहेरी निघाली असताना नवऱ्याने ‘अगं, जाताना मेतकुटाची बरणी तरी ठेवून जा’ म्हटले, की जाहिरातही झाली आणि हशाही मिळाला.

संहिता

नाटकाचा अनुभव असलेल्या लेखकाला रेडिओ लिहिताना सर्वांत जास्त अडचण येते, कारण रंगमंचावर जे न बोलता दिसते ते येथे अस्तित्वातच नसते. पात्र खोलीत आले हे कोणीतरी म्हटल्याशिवाय ते आलेले नसते, आणि चार ओळी गप्प राहिले तर ते श्रोत्यांच्या लेखी निघून गेलेले असते. यासाठी काही नियम कसोशीने पाळावेत. एका प्रवेशात चारांहून अधिक आवाज नकोत. नव्या पात्राचे नाव किंवा नाते त्याच्या पहिल्या दोन वाक्यांत कानावर पडावे. मराठीत नात्याचे शब्द फार उपयोगी पडतात, कारण ‘वहिनी’, ‘भावोजी’, ‘सूनबाई’ एवढ्या एका हाकेत बोलणारा कोण, ऐकणारी कोण आणि दोघांत अंतर किती हे सगळे येते.

मात्र माहिती देण्यासाठी पात्रांना कृत्रिम बोलायला लावू नये. ‘अरे, ही तर खिडकीजवळच्या टेबलावरची निळी फुलदाणी!’ असे कोणी घरात म्हणत नाही. तेच ‘वहिनी, फुलदाणीला हात लावू नका हं, सासूबाईंचा जीव आहे तिच्यात’ असे म्हटले की वस्तू दिसते आणि सासूबाईही दिसतात.

रविवारच्या रेडिओचा सर्वांत गाजलेला प्रयोग ३० ऑक्टोबर १९३८ रोजी रात्री आठ वाजता सीबीएसवर झाला. ऑर्सन वेल्स यांच्या मर्क्युरी थिएटरने मंगळवासीयांनी पृथ्वीवर केलेल्या स्वारीची गोष्ट, नृत्यसंगीत मध्येच थांबवून दिल्या जाणाऱ्या बातम्यांच्या रूपात सादर केली. हे नाटक आहे असे सुरुवातीला सांगितले होते, पण त्याच वेळी एनबीसीवर बर्गन चालू होते आणि तेथून काटा फिरवून उशिरा आलेल्यांनी ती घोषणा ऐकलीच नव्हती. काही श्रोते खरोखर घाबरले. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी मात्र त्याचे जे देशव्यापी हाहाकाराचे चित्र रंगवले ते पुष्कळच फुगवलेले होते. यातून घ्यावे ते तंत्र एवढेच की कथानक ओळखीच्या ध्वनिरूपात बसवले तर निवेदन कमी लागते. रेल्वे फलाटावरील उद्घोषणा, क्रिकेटचे धावते समालोचन, लग्नातील मंगलाष्टके किंवा सोसायटीची वार्षिक सभा ही रूपे घ्यावीत. खोट्या बातमीचे रूप घेऊ नये. कोणीतरी त्यातले पंधरा सेकंद फोनवर टिपून कुटुंबाच्या समूहात टाकेल आणि रात्री साडेदहाला धाकट्या काकांचा घाबरलेला फोन येईल.

संहिता कागदाच्या एकाच बाजूला, मोठ्या अक्षरांत छापावी आणि पाने टाचू नयेत, कारण पान उलटल्याचा आवाज मायक्रोफोनमध्ये फांदी मोडल्यासारखा जातो. तेव्हाचे कलावंत वाचून झालेले पान हळूच जमिनीवर सोडून देत. मऊ, थोडासा जाड कागद असेल तर तेच करावे. मोबाइलवरून वाचू देऊ नये. त्यावर कोणाचा तरी संदेश येतोच.

मायक्रोफोनसमोर

१९३० च्या दशकातील अमेरिकी स्टुडिओंची ओळख बनलेला आरसीए ४४ हा रिबन मायक्रोफोन पुढून आणि मागून ऐकत असे आणि दोन्ही कडांना जवळजवळ बहिरा असे. त्यामुळे नायक-नायिका त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या डोळ्यांत पाहून बोलू शकत, आणि पात्राला दूर जायचे असेल तेव्हा नट फक्त दोन पावले कडेला सरकत असे. आजचे साधे मायक्रोफोन बहुधा एकाच बाजूने ऐकतात, म्हणून सगळ्यांनी अर्धवर्तुळात उभे राहावे, ज्याची ओळ असेल त्याने एक पाऊल पुढे यावे आणि संपली की मागे जावे. बसून बोलू नये, कारण बसले की आवाज पोटातून येईनासा होतो.

तोंड आणि मायक्रोफोन यांत एक वीत अंतर ठेवावे. मराठीत ‘प’, ‘फ’, ‘भ’ आणि ‘ध’ उच्चारताना हवेचा जो झोत निघतो तो मायक्रोफोनवर आदळून धप्प असा आवाज होतो, ‘भाऊ, धावा!’ या निरुपद्रवी ओळीने मी श्रोत्यांना दचकलेले पाहिले आहे. यावर उपाय म्हणजे मायक्रोफोनच्या थेट समोर न बोलता किंचित तिरके, त्याच्या कानावरून बोलावे. कुजबुज करायची असेल तर जवळ येऊन हळू बोलावे, आणि ओरडायचे असेल तर दोन पावले मागे जाऊन, तोंड वळवून ओरडावे.

भूमिका देताना चेहरे विसरावेत आणि डोळे मिटून आवाज ऐकावेत. एकाच पट्टीतले दोन पुरुष आवाज एका प्रवेशात आले तर श्रोत्यांचा गोंधळ ठरलेला. उलट, आवाज स्पष्ट वेगळा असेल तर श्रोता काय वाटेल ते मान्य करतो. बर्गन हे शब्दभ्रमकार होते. ओठ न हलवता बोलण्याची कला रेडिओवर कोणाला दिसणार, असा प्रश्न पडतो; तरीही ९ मे १९३७ पासून चार्ली मॅकार्थी हा मोनोकल म्हणजे एका डोळ्याचा चष्मा लावलेला आगाऊ पोरगा वर्षानुवर्षे रविवारचा राजा राहिला, कारण श्रोत्यांच्या कानाला तेथे खरोखर दोन माणसे होती. साठीच्या मावशींनी आठ वर्षांच्या खोडकर पोराचे काम करायला येथे कसलीच आडकाठी नाही.

आवाज दुसऱ्या खोलीत नेण्यासाठी सर्वांत खात्रीची पद्धत म्हणजे लांब वायर : मायक्रोफोन एका खोलीत, स्पीकर दुसऱ्या खोलीत, दार बंद. सोसायटीच्या किंवा मंडळाच्या ध्वनियंत्रणेने हे काम भागते. ते शक्य नसेल तर दोन फोनांमध्ये कॉल लावून एक फोन स्पीकरला जोडता येतो, पण त्यात एक छुपा धोका आहे. कॉलचे सॉफ्टवेअर माणसाचा आवाज सोडून बाकी सगळे गोंगाट समजून गाळून टाकते. आमच्या पहिल्या प्रयोगात मेहनतीने तयार केलेला मुसळधार पाऊस असा संपूर्ण गिळला गेला आणि छत्रीवरून भांडणारे नवरा-बायको श्रोत्यांना भर उन्हात भांडताहेत असे वाटले. ज्या अॅपमध्ये मूळ आवाज जसाच्या तसा पाठवण्याची सोय असेल तेच वापरावे आणि ती सोय चालू आहे ना, हे तालमीत पाऊस पाडूनच तपासावे.

आवाजांचे सामान

येथे हात मोकळा सोडावा. सीबीएसच्या ध्वनिपरिणाम विभागाच्या प्रमुख ओरा निकोल्स होत्या. त्या आणि त्यांचे पती आर्थर मूकपटांना संगीत आणि आवाजांची साथ देणाऱ्यांतले. बोलपट आल्यावर हे कसब रेडिओच्या कामी आले. त्या पिढीने वस्तू आणि आवाज यांचा संबंध तोडून दाखवला. सेलोफेनचा कागद मायक्रोफोनजवळ चुरगाळला की आग लागते. कॉर्नफ्लोअरची पिशवी बोटांनी दाबली की बर्फातून चालल्याची करकर ऐकू येते. नारळाच्या दोन करवंट्या म्हणजे घोडा, हे तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. मात्र खडीच्या रस्त्यासाठी त्या कुंडीतल्या वाळूखड्यांत आणि मऊ जमिनीसाठी उशीवर आपटाव्या लागतात, आणि चाल धरताना ताल चुकला तर घोडा लंगडा होतो.

आपले स्वयंपाकघर या बाबतीत अमेरिकी स्टुडिओपेक्षा कमी नाही. सुपात मूठभर तांदूळ घेऊन ते हलके तिरके करीत राहिले की समुद्राची लाट येते आणि ओसरते. तांदळाऐवजी साबुदाणा घेतला तर लाट लांबची वाटते. मोठे पातळ ताट दोन बोटांत लोंबकळत धरून हलवले की गडगडाट होतो, आणि पत्र्याचा तुकडा मिळाला तर वीजच कोसळते. पाटा-वरवंट्याने जड दगडी दार सरकते. कुकरची शिटी ओलसर कापडाआडून काढली तर दूरची आगगाडी होते, पण गॅस आणि मायक्रोफोन एकाच खोलीत आणण्यापेक्षा साधी शिटी फुंकावी. दारासाठी खऱ्या कडीकोयंड्याला पर्याय नाही. तेव्हाच्या स्टुडिओत चौकटीसह छोटी दारेच बनवून ठेवलेली असत. आपण जुन्या कपाटाचे दार किंवा कडीची पेटी वापरावी.

यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की आवाज एकटा काहीच सांगत नाही. भजी तळल्याचा चर्रर्र आणि कौलांवरचा पाऊस मायक्रोफोनमधून वेगळे ओळखता येत नाहीत. ओळख संवादाने द्यावी लागते आणि ती आवाजाच्या किंचित आधी द्यावी. आजी आधी म्हणते, ‘अंधारून आलंय रे, वाळवण उचला’, आणि मग तांदूळ चाळणीवर पडू लागतात, श्रोता भिजतो. तेच तांदूळ ‘वहिनी, तेल तापलंय, सोडा आता’ या वाक्यानंतर पडले तर त्याला भूक लागते. हा प्रयोग तालमीत मुद्दाम करून पाहावा, कारण एकदा हे उमगले की सामानाची यादी वाढवण्याचा हव्यास आपोआप कमी होतो.

आवाज करणारी व्यक्ती एकच असावी आणि तिला दुसरी भूमिका देऊ नये. तिच्या टेबलावर चादर अंथरावी, वस्तू वापरण्याच्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडाव्यात आणि वापरून झालेली वस्तू खाली ठेवलेल्या उशीवर सोडावी. ऐनवेळी एखादी वस्तू दगा देते. त्यासाठी तोंडाने आवाज काढणारा एक जण पक्का ठेवावा. बेनी यांच्या खटारा मॅक्सवेल मोटारीची धापा टाकत, खोकत सुरू होण्याची धडपड मेल ब्लँक हे नट नुसत्या तोंडाने करीत, आणि ती मोटार कार्यक्रमातील एक पात्रच होऊन बसली.

आणि शांतता हाही ध्वनिपरिणामच आहे. कंजूष म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बेनी यांना चोर ‘पैसे की प्राण’ असे विचारतो आणि ते काहीच बोलत नाहीत, हा १९४८ मधील प्रसंग त्या गप्प राहण्यामुळे गाजला. परंतु अशी शांतता विकत घ्यायला आधी वीस मिनिटांचे भरगच्च बोलणे खर्च करावे लागते. नवख्यांच्या कार्यक्रमातली शांतता बहुधा कोणाची तरी ओळ चुकल्याची असते आणि श्रोत्यांना ती बरोबर कळते.

पार्श्वभूमीला जुन्या रेडिओची मुद्दाम खरखर मिसळण्याची हौस काहींना असते. मला ती पटत नाही. त्या काळच्या श्रोत्यांनी ती खरखर घालवण्यासाठी जिवाचा आटापिटा केला. सुरुवातीचे स्फटिक-संच (क्रिस्टल रेडिओ) असलेले लोक तर एकट्याच्या कानाचे हेडफोन चिनी मातीच्या वाडग्यात ठेवून त्याभोवती घरच्यांना बसवीत, म्हणजे आवाज थोडा तरी मोठा व्हावा.

घड्याळ आणि खुणा

एका व्यक्तीने फक्त दिग्दर्शन करावे, हातात स्टॉपवॉच ठेवावे आणि बोलू नये. तालमीत संहितेच्या समासात दर मिनिटाला पेन्सिलीने वेळ लिहावी, आणि प्रयोगाच्या वेळी आपण त्या खुणेच्या पुढे आहोत की मागे, हे पाहून कलावंतांना हाताने सांगावे. अमेरिकी स्टुडिओतील खुणा अजूनही सोयीच्या आहेत : नाकाच्या शेंड्यावर बोट म्हणजे वेळ अगदी बरोबर, हवेत बोट गोल फिरवणे म्हणजे वेग वाढवा, दोन हातांनी रबर ताणल्यासारखे करणे म्हणजे लांबवा, गळ्यावरून आडवा हात म्हणजे थांबा, आणि सरळ रोखलेले बोट म्हणजे तुमची ओळ.

वेळ सांभाळण्याची खरी युक्ती शेवटापासून उलटे मोजण्यात आहे. शेवटची घोषणा, पुरस्कर्त्याचे नाव आणि शीर्षकसंगीत यांना दीड मिनिट लागत असेल, तर अठ्ठाविसाव्या मिनिटाला प्रवेश संपलाच पाहिजे. यासाठी संहितेत दोन-तीन परिच्छेद कंस करून ठेवावेत, जे गाळले तरी कथा तुटणार नाही, आणि पेटीवाल्याला सांगून ठेवावे की शीर्षकाची धून वीस सेकंदांपासून एक मिनिटापर्यंत कितीही ताणायची तयारी असू दे.

एनबीसीच्या कार्यक्रमांच्या शेवटी तीन स्वरांची घंटा वाजे. पेटीच्या पांढरी एकला षड्ज मानला तर ते स्वर मंद्र पंचम, मध्य गंधार आणि मध्य षड्ज असे होतात. ती श्रोत्यांच्या मनोरंजनासाठी नव्हती. नेटवर्कचा कार्यक्रम संपला, आता आपापल्या केंद्राचे नाव सांगा, अशी ती देशभरच्या तंत्रज्ञांना खूण होती. आपल्या ‘केंद्रा’साठी असेच दुसरे तीन स्वर ठरवावेत आणि ते वाजल्याशिवाय दार उघडायचे नाही, असा नियम करावा.

प्रयोगाचा रविवार

तीन तालमी पुरतात. पहिली बसून वाचनाची, दुसरी उभे राहून आवाजांसह, आणि तिसरी घड्याळ लावून, चूक झाली तरी न थांबता. तिसऱ्या तालमीत एकाने दुसऱ्या खोलीत बसून ऐकावे, आणि ती व्यक्ती घरातील सर्वांत कमी कौतुक करणारी असावी.

श्रोत्यांच्या खोलीत स्पीकर भिंतीशी, बसलेल्यांच्या कानाच्या उंचीवर ठेवावा, खुर्च्या अर्धवर्तुळात मांडाव्यात आणि एकच दिवा ठेवावा. आठच्या ठोक्याला सुरू करायचे असेल तर चहा-भजी साडेसातला उरकावीत. ताटल्यांची खडखड आणि श्रुतिकेतला पाऊस एकत्र नांदत नाहीत. कलावंतांच्या खोलीतील पंखा बंद करावा, घुंगरांच्या बांगड्या काढून ठेवाव्यात आणि दाराची बेल काढून टाकावी.

परदेशात नातेवाईक असतील तर एनबीसी-सीबीएसची दुसऱ्या प्रयोगाची रीतही अवश्य पाळावी. पुण्या-मुंबईत रविवारचे रात्रीचे साडेआठ म्हणजे हिवाळ्यात न्यू जर्सीतील सकाळचे दहा, पण कॅलिफोर्नियात मात्र सकाळचे सातच. तेव्हा घरच्यांसाठी आठला पहिला प्रयोग करावा आणि तिकडच्यांसाठी अकराला, फक्त आवाजाच्या कॉलवर, तोच कार्यक्रम पुन्हा करावा. दुसऱ्या वेळी कलावंत सरावलेले असतात आणि दूरच्या श्रोत्यांचे हसू कानावर येत नाही, त्यामुळे कार्यक्रम दीड-दोन मिनिटे लवकर संपतो. पहिल्या प्रयोगात गाळलेले कंसातील परिच्छेद त्यासाठी फाडून टाकू नयेत.